तिसरी आवृत्ती

"ते पुस्तक माझं आहे."

मी वळून पाहिलं. नोव्हेंबरचा पाऊस होता. तैपेईचा पाऊस म्हणजे पडतोय की नुसताच हवेत लटकलाय ते कळू नये असा. गूलिंग रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांवर ताडपत्र्या ओढलेल्या होत्या आणि त्यातल्या एकीखाली एक मुलगा धापा टाकत उभा होता. छत्री नाही. केसांतून पाणी ठिबकतंय. आणि बोटांची टोकं काळी... शिसं लागल्यासारखी.

"तुमचं कसं?" मी म्हणाले. "मी आत्ताच विकत घेतलंय."

दुकानाचे मालक फान आजोबा निखाऱ्यांवर हात शेकत बसले होते. चीनमधून सैन्याबरोबर समुद्र ओलांडून आलेले, परत जाता न आलेले असे ते एक म्हातारे शिपाई. मान वर न करता ते म्हणाले, "पोरीने पैसे दिलेत. आता तिचं."

"आजोबा, मी ते बाजूला ठेवायला सांगितलं होतं ना!"

"तू म्हणालास, हे कुणी घेणार नाही. तिने घेतलं. मी काय तिच्या हातावर फटका मारू?"

मुलगा माझ्याकडे वळला. त्याने हसायचा प्रयत्न केला, तो काही जमला नाही. "हे बघा, ही तिसरी आवृत्ती आहे. जुनी. सगळी मुलं पाचवी वापरतात. मी तुम्हाला पाचवी आणून देतो. कोरी करकरीत. आत्ता, धावत जाऊन."

"मला तिसरीच हवी."

"पण का?"

"पाचवीत विद्राव्यतेचा तक्ता चुकलाय. दोन ठिकाणी घातांकाचं चिन्ह उलटं आहे. चोरून पुस्तकं छापतात, आणि छपाईचे खिळे धड जुळवता येत नाहीत."

त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "...कुठल्या दोन ठिकाणी?"

"पान दोनशे बारा. तुम्हाला कशाला हवंय?"

"ते खिळे मी जुळवलेत."

फान आजोबा एवढे हसले की त्यांना ठसका लागला. मलाही हसू आलं असतं, पण माझा स्वभाव शंकेखोर आहे. जुन्याच्या बदल्यात कोरं? कुणी घेण्यापेक्षा जास्त द्यायला लागलं, की कुठेतरी काहीतरी लपलेलं असतं. प्रयोगशाळेत आम्हाला पहिल्या वर्षी हेच शिकवतात. मी पुस्तक उघडलं. बत्तीस पानं नेहमीची होती. ब्युरेट कशी धुवावी, रंग कधी बदलतो. तेहेतिसाव्या पानावर वाक्य अर्ध्यात तुटलं होतं आणि दुसराच मजकूर सुरू झाला होता. हाताने लिहून सायक्लोस्टाइल केलेला. मधलं एक पान आपोआप उघडलं. 'आठ मार्चच्या दुपारी किलुंग बंदरात जहाजं लागली. सैनिक उतरण्याआधीच...'

किलुंग हे माझं गाव.

मी पुस्तक मिटलं. मुलाचा चेहरा आता पांढरा पडला होता. त्या वर्षी, एकाहत्तर साली, अशा पुस्तकाबद्दल लष्करी कोर्टात दहा-बारा वर्षं सहज मिळत. वाचणाऱ्यालाही. हे आम्हा दोघांना ठाऊक होतं, आणि दोघांना ठाऊक आहे हेही दोघांना ठाऊक होतं.

"तुम्ही काहीच वाचलं नाहीत," तो हळूच म्हणाला.

"सोमवारी माझी शिष्यवृत्तीची परीक्षा आहे," मी म्हणाले. "पाचवी आवृत्ती उद्या इथे आणून ठेवा. चिन्हं माझी मी सुधारून घेईन. मंगळवारी पाच वाजता हे परत देते."

"आणि तोपर्यंत?"

"तोपर्यंत वाचते."

तो बघत राहिला. ताडपत्रीवर साचलेलं पाणी नेमकं त्याच्या मानेवर ओघळलं तरी हलला नाही.

"नाव तरी सांगा," तो म्हणाला.

"मंगळवारी."

*

आमच्या विभागात तराजूची एक खोली होती. तिथे कुणी बोलत नसे, कारण श्वासानेही काटा हलतो. मी दोन दिवस तिथे बसून ते पुस्तक वाचलं.

शाळेत आम्ही कधीच न पाहिलेल्या नद्या पाठ केल्या होत्या. समुद्रापलीकडच्या रेल्वेची स्टेशनं ओळीने म्हणून दाखवली होती. आमच्या बेटाबद्दल भूगोलात दोन पानं होती, ऊस आणि कापूर. या पुस्तकात मात्र माझ्या पणजोबांच्या काळी हेच बेट काही महिने स्वतःचा झेंडा लावून प्रजासत्ताक म्हणून उभं राहिलं होतं. आजोबांच्या काळी इथल्या माणसांनी जपान्यांकडे स्वतःची संसद मागितली होती. पंधरा वेळा अर्ज केला, पंधरा वेळा नकार आला. मी हे वाचताना पेन्सिलने मोजलं. दुसऱ्या नकारानंतरही तेरा वेळा अर्ज लिहायला बसलेली माणसं कशी असतील, याचा विचार करत राहिले. मग जपानी गेले, चीनमधून दुसरे आले. आणि सत्तेचाळीस साल आलं, आणि किलुंगला लागलेली ती जहाजं.

आमच्या गल्लीत सात घरं अशी आहेत, की त्यांच्याकडे एकाच आठवड्यात पुण्यतिथी असते. दुसऱ्या चांद्रमहिन्याच्या सोळापासून बावीसपर्यंत. लहानपणी मला तो आठवडा आवडायचा. रोज कुणाच्या तरी घरून तळलेल्या मासळीची वाटी यायची. शेवटची आमच्याकडून जायची, कारण माझे मोठे काका बावीसला गेले. मोठ्यांनी सांगितलं होतं, त्या वर्षी तापाची साथ आली होती.

मी पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर एक तक्ता आखला. घर, नाव, वय, तिथी. सत्तेचाळीस साली चांद्रमहिन्याची सोळा नेमकी आठ मार्चला आली होती. सातही पुरुष. एकोणीस ते त्रेचाळीस वयाचे. लहान मूल एकही नाही, म्हातारा एकही नाही, बाई एकही नाही. असा कुठला जंतू असतो?

रविवारी घरी गेले. काकू मागच्या पायरीवर मासे साफ करत होती. मला जन्म देऊन आई गेली, तेव्हापासून मला तिनेच वाढवलेलं.

"काकू, काकांना ताप किती दिवस होता?"

तिची सुरी थांबली नाही. "एक दुपार."

"एकाच दुपारी?"

"मीठ आणायला बंदरावर गेले होते. सात दिवसांनी पाण्यातून वर आले." खवले उडत होते. "तळहातांतून तार घातलेली होती. तापात तार लागते का, ते तूच सांग बाई. तू शिकलेली आहेस."

आतल्या खोलीत बाबांनी रेडिओ मोठा केला. ते सरकारी शाळेत मास्तर होते. घरात हा विषय निघाला की चोवीस वर्षं ते रेडिओ मोठा करत आले होते... आणि मी समजत होते, त्यांना गाणी आवडतात.

*

"हे काय आहे?" मंगळवारी त्याने विचारलं.

फान आजोबांच्या दुकानापासून चार दारांवर एक शेवयांचं दुकान होतं. रस्त्याकडे एकच मोठी काच, आतल्या वाफेने कायम धुरकटलेली. आम्ही कोपऱ्यातल्या टेबलाशी बसलो होतो. त्याचं नाव क्वो बो-रेन. मी माझं नाव वान-रू म्हणून सांगितलं होतं, आणि त्याने ते दोनदा मनाशी म्हणून पाहिलं होतं. मला दिसलं ते.

"तक्ता आहे," मी म्हणाले. "पुस्तकात नुसते आकडे आहेत. 'काही हजार.' हजार ही काय नोंद झाली? नाव, वय, तिथी पाहिजे."

"यात सात घरांची नावं आहेत!"

"हो. तपासून लिहिलीत."

"वेडी आहेस का तू?" तो कुजबुजत ओरडला. मग त्याने जीभ चावली. "म्हणजे... तुम्ही."

"तू चालेल," मी बशीकडे बघत म्हणाले. "पण तक्ता खोडायचा नाही."

 मग त्याने खिशातून पेन्सिल काढली, गल्लीचं नाव आणि घरं गाळून तोच तक्ता खाली पुन्हा लिहिला, फक्त आडनावं, वयं, तिथ्या. माझा तक्ता खोडरबराने पुसला. पुसून झाल्यावर पान उजेडात तिरपं धरून पाहिलं, आणि पुन्हा पुसला.

"माझं अक्षर वाईट होतं?"

"फार सुबक आहे. शंभर जणांत ओळखू येईल."

"ही स्तुती आहे का?"

"तक्रार आहे, प्राध्यापकबाई."

शेवया निवून गेल्या. त्याने सांगितलं, की तो दिवसा छापखान्यात खिळे जुळवतो, आणि जपानीतून आलेलं हे पुस्तक जेवणाच्या सुट्टीत आपल्या भाषेत उतरवतो. बांधणीला रसायनशास्त्राची तिसरी आवृत्ती, कारण ती कुणीच घेत नाही. "कुणीच," तो माझ्याकडे रोखून बघत म्हणाला. "पाच महिने एकाही माणसाने हात लावला नव्हता."

"आणि हे सगळं कशासाठी?"

"शाळेत घरची भाषा बोललो म्हणून गळ्यात पाटी घालून उभं केलं होतं. आठ वर्षांचा होतो. पाटी घेऊन उभं राहिल्यावर दुसरं काय करणार? विचार करत होतो, या भाषेत असं आहे तरी काय, की एवढी मोठी पाटी लागते." तो हसला. "अजून शोधतोय."

आम्ही कधी बरोबर बाहेर पडत नसू. आधी मी, दहा मिनिटांनी तो. त्या दिवशी मी रस्त्यावर आले, छत्री उघडली, आणि सहज मागे पाहिलं. आतून काचेवर एक काळं बोट फिरत होतं. धुक्यात अक्षरं उमटत होती आणि ती मला बाहेरून सुलटी दिसत होती. मंगळवार.

खिळे जुळवणाऱ्याला सगळं जग उलटं वाचायची सवय असते, तशी लिहायचीही. आतून उलटं लिहिलं, म्हणजे बाहेरच्याला सुलटं. छत्री हातात तशीच राहिली आणि मी भिजत गेले.

*

मग मंगळवार येत राहिले. डिसेंबर, जानेवारी, नववर्षाच्या सुट्टीतला एक बुडालेला. पाऊस थांबतच नव्हता.

एकदा मी म्हणाले, "आज मी आतून लिहिते, तू बाहेर जा."

तो बाहेर गेला. मी काचेवर त्याचं नाव उलटं लिहायला घेतलं. तिसऱ्या रेघेला गोंधळ झाला. बाहेर तो माझ्या छत्रीखाली पोट धरून हसत होता. आत येऊन म्हणाला, "हे कुणाचं नाव आहे? कुणातरी वाकड्या पायांच्या माणसाचं?"

"तुझंच. आरशात बघ जरा."

"शिष्यवृत्ती मिळालेल्या मुलीला दोन अक्षरं येत नाहीत!"

शिष्यवृत्ती खरंच मिळाली होती. सप्टेंबरमध्ये अमेरिकेला जायचं होतं. आम्ही त्याबद्दल बोलत नसू. तो फक्त अधूनमधून विचारे, "तिकडे मंगळवार असतो का?" आणि मी म्हणे, "असतो. पण तेरा तास उशिरा."

त्या दिवशी बोलता बोलता त्याने काचेवर जोरात श्वास सोडला आणि थबकला. धुक्यातून अक्षरं वर येत होती. मंगळवार. मागच्या आठवड्याचं.

"हे... पुसलं गेलं होतं ना?"

"पाणी गेलं. बोटाचा तेलकटपणा काचेवर राहतो," मी म्हणाले. "त्यावर वाफ वेगळी बसते. कुणी साबणाने घासेपर्यंत ते तिथेच असतं. फक्त श्वास पडावा लागतो."

तो काचेकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. त्याचा हात टेबलावर माझ्या हाताशेजारी होता, मध्ये दोन बोटांचं अंतर. त्याने ते ओलांडलं नाही. मीही नाही. तराजूच्या खोलीतली सवय. वाटे, आता जराही हललं तर काटा जाईल...

"वान-रू," तो म्हणाला, "तू गेलीस ना, की मी हे दुकानच विकत घेईन. साबण बंद."

*

एप्रिलच्या दुसऱ्या मंगळवारी तो आला नाही.

मी दोन वाडगे शेवया मागवल्या आणि दोन्ही निवू दिल्या. मग फान आजोबांकडे गेले. ते पुस्तकांच्या चळती बांधत होते. रसायनशास्त्राच्या जागी पाककृतींची पुस्तकं होती.

"काल छापखान्यात तीन माणसं आली होती," ते म्हणाले. सुतळीची गाठ त्यांना बांधता येत नव्हती. "पोरी, आता इथे येत जाऊ नकोस. तुला पाहिलेलं मला आठवत नाही. म्हाताऱ्याला काही आठवत नाही, समजलं?"

"समजलं," मी म्हणाले.

"छत्री घेऊन जा. त्याची आहे. तो कधी वापरायचा नाही, इथेच विसरायचा."

चार दिवसांनी रसायनशास्त्राच्या सगळ्या विद्यार्थ्यांना सभागृहात बोलावलं. सव्वाशे जण. पुढे साध्या कपड्यातले दोघे बसले होते. प्रत्येकाला एक कोरा कागद दिला आणि फळ्यावरचा उतारा उतरवायला सांगितला. खाली आकडे होते, एक ते नऊ, तीनदा. मी पहिला आकडा लिहिला आणि मला सगळं कळलं.

त्यांना तक्ता सापडला होता. रसायनशास्त्राच्या कव्हरातलं पुस्तक, तेव्हा रसायनशास्त्राचा विद्यार्थी. ते माझं अक्षर शोधत होते, आणि माझं अक्षर त्या पुस्तकात नव्हतं. नोव्हेंबरमधल्या एका संध्याकाळी, ज्याला माझं नाव कळून तासही झाला नव्हता अशा एका माणसाने ते दोनदा पुसलं होतं, आणि त्या जागी स्वतःचं लिहून ठेवलं होतं.

मी नेहमीच्या सुबक अक्षरात उतारा पूर्ण केला. हात थरथरला नाही. त्या गोष्टीसाठी मी स्वतःला पुढे कित्येक वर्षं माफ केलं नाही.

त्याच संध्याकाळी किलुंगची गाडी पकडली आणि घरी सगळं सांगून टाकलं. "बाबा, तो तक्ता माझा आहे. मी जाऊन सांगते."

बाबा वह्या तपासत होते. रेडिओकडे गेलेला त्यांचा हात मध्येच थांबला. त्यांनी तो मागे घेतला.

"सांगितलंस तर त्याला सोडतील?"

"नाही."

"मग एकाच्या जागी दोन होतील. आणि सात घरं."  "माझ्या भावाला शोधायला मी गेलो होतो. बंदराच्या फाटकापर्यंत. तिथून परत आलो. आजपर्यंत कुणाला सांगितलं नाही." लाल पेन त्यांनी टोपण लावून ठेवलं. "त्या मुलाने काही सांगितलं असतं, तर ते एव्हाना इथे आले असते. त्याने सांगितलेलं नाही. त्याची मेहनत वाया घालवू नकोस."

*

जूनमध्ये निकाल लागला. बारा वर्षं. मला तो बाबांच्या शाळेत येणाऱ्या वर्तमानपत्रातल्या तीन ओळींतून कळला.

त्यानंतरच्या रविवारी आमच्या दारात एक बाई उभी राहिली. ठेंगणी, उन्हाने करपलेली, हातात बिस्किटांचा डबा. पार दक्षिणेतल्या च्याईहून गाडी बदलत बदलत आलेली.

"मी क्वो बो-रेनची आई. तुमच्याकडे कुणी मुलगी आहे का, जुनी पुस्तकं घेणारी?"

काकूने तिला आत घेतलं, दार लावलं, चहा ठेवला. ती खुर्चीच्या कडेवर बसली.

"तो पुढच्या आठवड्यात समुद्रातल्या त्या लहान बेटावरच्या तुरुंगात जाणार. त्याआधी एकेकाला एकदा भेटता येतं. मी भेटले." तिने माझ्याकडे पाहिलं. "तुमचं नाव घेतलं नाही त्याने. फक्त एवढंच म्हणाला, किलुंगच्या एका मास्तरांकडे जा, आणि त्यांच्या मुलीला निरोप दे. मला काही त्याचा अर्थ लागला नाही बाई. जसाच्या तसा पाठ केलाय. म्हणाला, सांग तिला... तिसरी आवृत्ती आता बाजारात मिळणार नाही. पाचवी घे. कोरी असते, चांगली असते."

चुलीवर पाणी उकळत होतं.  

"मावशी, त्याला कोण कोण भेटू शकतं?"

"रक्ताचं माणूस. बायको. नाहीतर साखरपुडा झालेली मुलगी, दोन्ही घरांनी लिहून दिलं तर. पत्रंसुद्धा तेवढ्यांचीच पोचतात. दोनशे अक्षरं, वर एक चालत नाही." तिने ब्लाउजची बाही डोळ्यांना लावली. "मी तर अंगठेबहाद्दर. मी कसली पत्रं लिहिते?"

"पण पाचवीत चुका आहेत," मी म्हणाले.

"काय?"

"मावशी, तुमच्या बोटातली अंगठी निघते का?"

तिने माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे. अंगठी झिजून तारेसारखी झाली होती. समजायला तिला दोन क्षण लागले आणि समजल्यावर ती उभीच राहिली. "नको गं पोरी! वेड लागलंय का? बारा वर्षं! मी तसं मागायला नाही आले. देवाशपथ, नाही आले."

"तुम्ही मागत नाही आहात. मी मागतेय."

मग मी बाबांकडे पाहिलं. अमेरिकेचं पत्र त्यांच्या टेबलावर काचेखाली ठेवलेलं होतं. राजकीय कैद्याच्या वाग्दत्त वधूला देशाबाहेर जायचा परवाना मिळत नसे. आणि तिच्या बापाला शाळेत किती दिवस ठेवतील, हेही आम्हाला ठाऊक होतं.

बाबा म्हणाले, "वान-रू... बारा वर्षं म्हणजे काय ते कळतंय का तुला?"

"सहाशे सव्वीस मंगळवार, बाबा."

"आकडा नाही विचारला मी!"

तेव्हा काकू बोलली. तिने आवाज चढवला नाही. "भावोजी, मी सात दिवस अशा माणसाची वाट पाहिली, की कुठे गेला म्हणून विचारायचीसुद्धा बंदी होती, आणि पुढे पंचवीस वर्षं त्याचं नावही घेता आलं नाही. हिच्याकडे निदान पत्ता आहे." तिने चहाची किटली खाली ठेवली. "उंच खुर्ची आणा. तुमच्या भावाची."

बाबा टेबलाशी गेले. मग काचेखालचं ते पत्र काढून त्यांनी घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवलं, आणि माळ्यावर चढले. वर पेट्या सरकवल्याचा आवाज येत राहिला, बराच वेळ. खाली आले तेव्हा खुर्ची स्वच्छ पुसलेली होती आणि त्यांचे डोळे लाल होते.

आमच्याकडे रीत आहे. मुलगी उंच खुर्चीवर दाराकडे तोंड करून बसते, पाय छोट्या पाटावर, आणि सासू तिच्या बोटात अंगठी घालते. घालताना मुलीने बोट वाकवायचं असतं, म्हणजे अंगठी मधल्या पेरावर अडते. पार आत गेली तर सासू जन्मभर डोक्यावर बसते म्हणतात. सासूही ते जाणून जोर लावते, आणि बायका हसतात.

काकू माझ्या कानाशी लागली. "बोट वाकव हं. मी नव्हतं वाकवलं, तर तुझ्या आजीने मला अठरा वर्षं राबवलं."

बो-रेनच्या आईने माझा हात हातात घेतला. तिची बोटं थंडगार होती. अंगठी पेरापाशी आली आणि ती थांबली. जोर न लावता थांबली. मी वाकवावं म्हणून वाट पाहत होती. तिला मला मोकळं ठेवायचं होतं.

मी बोट सरळ धरलं. तिने जोर लावला नाही, तेव्हा मीच हात पुढे ढकलला. अंगठी पार आत गेली.

"अगं!" काकू म्हणाली.

"आई," मी म्हणाले, आणि ती बिस्किटांचा डबा छातीशी धरून तिथेच जमिनीवर बसून रडायला लागली.

*

बेटावर नेण्याआधीच्या त्या एकाच भेटीची खोली लांबट होती. मध्ये जाड काच, दोन्ही बाजूंना टेलिफोन. दहा मिनिटं. त्याच्या मागे एक पहारेकरी, माझ्या मागे एक. बाहेर पाऊस होता.

त्याचे केस कापले होते. एक डोळा नीट उघडत नव्हता. बोटं स्वच्छ होती, आणि तेच बघवेना.

"निरोप नाही मिळाला वाटतं," तो टेलिफोनमध्ये म्हणाला.

"मिळाला. पाचवीत चुका आहेत."

"किती?"

"मोजल्या नाहीत. मला नकोच आहे ती."

त्याने माझा हात पाहिला. अंगठी कुठपर्यंत गेली आहे ते पाहिलं. त्याला रीत माहीत होती.

"वाकवलं नाहीस?"

"नाही."

"वान-रू... माझी आई फार कजाग आहे."

मी हसले, आणि हसताना डोळे वाहायला लागले. तोही हसत होता. त्याला हसताना दुखत होतं.  दहातली मिनिटं जात होती. टेलिफोनमध्ये पहारेकरी ऐकत असतात, म्हणून सांगण्यासारखं काहीच सांगता येत नव्हतं. सात घरं सुखरूप आहेत हेही नाही. त्या आठवड्याबद्दल मी त्याला पूर्वी सांगितलेलं होतं, म्हणून एवढंच म्हणाले, "पुढच्या वर्षीही मासळीच्या सात वाट्या होतील. नेहमीसारख्या." त्याने डोळे मिटले, आणि त्याचे खांदे पहिल्यांदा खाली आले.

मग त्याने काचेवर श्वास सोडला. धुक्यात बोट फिरलं. मला सुलटं दिसलं. मंगळवार.

त्याच्या मागचा पहारेकरी पुढे आला आणि बाहीने काच पुसली.

मी माझ्या बाजूने श्वास सोडला. दोन महिने मी वसतिगृहाच्या खिडकीवर हेच करत होते. एकही रेघ चुकली नाही. पलीकडे त्याचे ओठ हलले, अक्षरं लागावीत तसे, एक एक करून. 'येईन.' आणि खाली त्याचं नाव, दोन्ही पाय सरळ.

पहारेकऱ्याने पुन्हा बाही फिरवली. पण ती काचेच्या त्याच्या बाजूला फिरली. अक्षरं जागची हलली नाहीत. त्याने जोरात घासलं, मग गोंधळून माझ्याकडे पाहिलं. आणि बो-रेन, इतक्या दिवसांत पहिल्यांदा असेल, दुकानाबाहेर छत्रीखाली हसायचा तसा हसला.

वेळ संपली. त्याला उठवलं. माझ्या मागच्या पहारेकऱ्याने येऊन हाताने काच पुसली. नुसत्या हाताने. साबण कुणाजवळच नव्हता.

मी बाहेर येऊन त्याची छत्री उघडली. माझ्यानंतर एक म्हातारी आत जायची होती, मुलाला भेटायला. ती काचेजवळ वाकेल, तिचा श्वास पडेल, आणि ती अक्षरं पुन्हा वर येतील. तिच्या मुलाला ती सुलटी दिसतील.